घडवंची

आमची आजी कुठल्याही घराची परीक्षा पाण्यावरून करायची. पाण्याच्या चवीवरून नव्हे, पाणी कोण घेतं आणि कोण देतं यावरून. "जेथं पानी कोठं हाये हे इचारा लागत नाई, ते आपलं घर," असं ती म्हणायची. "जेथं आनून देतात, तेथं आपन पाहुने. आन् जेथं वरून वततात..." इथं ती थांबायची, पदराने तोंड पुसायची आणि विषय बदलायची. ते तिसरं वाक्य तिने पुरं केलेलं मी कधी ऐकलं नाही.

आमच्या मौद्याच्या घराला पुढे सपरी होती, मग ओसरी, मग माजघर. घडवंची माजघरात, दाराच्या पल्ल्याआड. सागवानी चौकटीची, तीन भोकांची. दोन भोकांत माठ, तिसऱ्यात पितळी गुंड. खाली वाळूचा ढीग कायम ओला, आणि त्या ओलीत आजी मूठभर धने टाकून ठेवायची, त्याचा सांबार उगवायचा. सपरीत बसलेल्याला ही घडवंची दिसत नसे. ओसरीत बसलेल्यालाही नसे. दार ओलांडून आत आल्यावर, वळून बघितलं तरच ती दिसायची. म्हणजे आमच्या घरात कोण किती आत आलेलं आहे, याचा हिशेब ती घडवंचीच ठेवत होती.

हे सगळं मला आठवलं ते आजीबरोबर मौद्याच्या आश्रमात गेले त्या दिवशी. परमात्मा एक सेवकांचा मेळावा होता. उन्हाळा असा की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटावं. मंडपात हजारो माणसं, त्यात गोंदिया-भंडाऱ्याकडची, छत्तीसगड-मध्य प्रदेशातलीही. जो तो एकमेकांना हात जोडून "नमस्कारजी" म्हणत होता. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढची. मी तिला सावलीत बसवलं आणि म्हटलं, "बस, मी पाणी आणते." ती उठलीच. काठी टेकत, माणसांतून वाट काढत, कोणालाही न विचारता मंडपाच्या मागे गेली, नळाखाली ओंजळ धरली, प्यायली आणि परत येऊन बसली. "आपल्याच घरी कोनी पानी मांगते का?" एवढंच म्हणाली.

धर्मस्थळ आपलं घर कसं होतं, यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. पण त्या दिवशी तिने जे केलं, त्याच्या पुढे मला फारसं जाता आलेलं नाही.

नागपूरहून भंडाऱ्याला जाणारा रस्ता साधारण 35 किलोमीटरवर कन्हान नदीला भेटतो, तिथे मौदा. इंग्रजी अमदानीत या रस्त्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. माझ्या लहानपणी तो सहा नंबरचा हायवे होता, आता 53 नंबरचा आहे. नंबर बदलले तरी रस्त्याची खोड तीच. नागपुरात जे काही घडेल ते या रस्त्याने दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यायचं. आता मौद्यात एनटीपीसीचं 2320 मेगावॅटचं वीज केंद्र आहे, त्याच्या चिमण्या दुरून दिसतात. तेव्हा दुरून दिसायच्या त्या धानाच्या बांध्या. पेंचच्या कालव्याचं पाणी आलं की रोवणी, आणि रोवणीची मजुरी हातात पडली की गावात मोहाची दारू.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते पीत. किती पीत, हे आजीने कधी सांगितलं नाही. काय काय विकलं ते सांगायची. आधी गाय गेली, मग तिचे पायातले तोडे, मग पितळी गुंड. गुंड गेला तेव्हा घडवंचीचं तिसरं भोक रिकामं राहिलं. "त्या भोकातून मले सारं घर खाली गेल्यावानी दिसे," असं ती म्हणे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकात सरकारने दारूबंदी केली. आमच्या जिल्ह्यात ती नव्हती. आमच्या घरात ती झाली, पण सरकारने केली नाही.

नागपुरात आबाजींचे एक साडभाऊ हातमागावर होते. एकदा ते आले आणि त्यांनी जेवणाआधी हात धुऊन दिव्यासमोर डोळे मिटले. ते आधी आबाजींहून जास्त पिणारे. आबाजींनी विचारलं, "काहून रे, सोडली का?" ते म्हणाले, "सोडली नाई, सुटली. सेवक झालो."

हे सेवक कोणाचे, तर बाबा जुमदेवजी ठुब्रीकरांनी सांगितलेल्या मार्गाचे. जुमदेवजी 3 एप्रिल 1921 ला नागपुरात एका विणकर कुटुंबात जन्मले. गोळीबार चौक, तांडापेठ हा पूर्व नागपूरचा भाग तेव्हा मागांच्या खटखटीने जागा असायचा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकाच भगवंताची उपासना सांगायला सुरुवात केली. बाबा हनुमानजी हे त्या एका परमेश्वराचं रूप, बाकी देवदेव, अंगात येणं, भूतबाधा, कोंबडं-बकरं सगळं सोडायचं. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम, एवढीच सगळी शिकवण. तीन शब्द म्हणजे सत्य, मर्यादा, प्रेम. आणि नियमांत जी व्यसनं सोडायची सांगितली, त्यांची यादी ऐकली की ती कोणी पुस्तकातून काढलेली नाही, हे लगेच समजतं. दारू, सट्टा, जुगार, लॉटरी तर होतेच. त्यात बैलांचा पट होता, कोंबड्यांची झुंज होती. ज्या माणसाने झाडीपट्टीतला बाजाराचा दिवस संध्याकाळपर्यंत पाहिलाय, त्यालाच ही यादी सुचेल. बाबांनी 3 ऑक्टोबर 1996 ला देह ठेवला. सेवक त्यांना महानत्यागी म्हणतात.

आबाजींनी मार्ग घेतला तो दिवस मला पुसट आठवतो. मी लहान होते. आठवतो तो आजीचा चेहरा. नियम असा, की एका भगवंताला मानायचं तर घरातल्या बाकी देवांना निरोप द्यायचा. माजघराच्या भिंतीत देवळी होती. तिच्यात आजीच्या सासूच्या सासूपासूनचे टाक, एक बाळकृष्ण, एक तांब्याचा नाग, कोराडीच्या देवीची तसबीर. सगळं एका नव्या टोपलीत ठेवलं, वर हळदीकुंकू घातलं आणि आबाजी, माझे वडील आणि साडभाऊ अशी तिघं कन्हानवर गेली. आजी गेली नाही. ती घडवंचीपाशी माठाला टेकून बसून राहिली. नंतर सांगायची, "देव गेले त्याचं भेव नाई वाटलं. पन ते देवळी पाह्यली का पोटात कालवे. काजळी तशीच होती ना."

त्या काजळीचं मला अजून नवल वाटतं. चार पिढ्यांच्या निरांजनाचा धूर वर चढून देवळीच्या कमानीला एक काळी जीभ उमटली होती. दर दिवाळीला चुना दिला की ती पांढरी व्हायची आणि होळीपर्यंत पुन्हा वर यायची. देव जाऊनही ती येतच राहिली. वडील म्हणायचे, "चुना पातळ आहे." आजी म्हणायची, "धूर जाडा हाये."

देवघर रिकामं झालं आणि घर बदललं. कसं बदललं ते चमत्काराच्या भाषेत सांगता येईल, तसं सांगणारे पुष्कळ आहेत. मी हिशेबाच्या भाषेत सांगते. दुसऱ्या वर्षी घडवंचीच्या तिसऱ्या भोकात गुंड आला. नवा नव्हता, मोडीतून घेतलेला होता, काठाला पोचा पडलेला. आजीने तो चिंचेने घासला आणि त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांना दिसावा म्हणून मुद्दाम सपरीत आणून भरला. पुढे नागपुरात सेवकांनी सहकारी बँक काढली, तेव्हा आबाजींना तिचं मोठं अप्रूप. दारूच्या दुकानात उधारीची वही असलेला माणूस पासबुक दाखवत फिरू लागला होता.

किंमतही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. आत्याच्या घरची सत्यनारायणाची पूजा आली की आम्ही जायचो, पण प्रसाद हातात घेतल्यावर काय करायचं हे कळायचं नाही. आत्या दुखावली. दोन वर्षं येणं-जाणं तुटल्यासारखं झालं. तत्त्वांमध्ये एक "इच्छा अनुसार भोजन" असं आहे. त्याचा अर्थ जाणते काय लावतात ते लावोत, आजीने स्वतःपुरता लावला. आयुष्यभर धरलेले शनिवार-सोमवार तिने सोडले आणि उरलेलं सगळं आयुष्य दुपारी पोटभर भात खाऊन झोपली. तिच्या मते हा धर्म बायकांनी काढलेला असावा.

आता बैठकीचं. या मार्गात देऊळ नाही. आठवड्याला सेवक एकमेकांच्या घरी जमतात, त्याला चर्चा बैठक म्हणतात. ज्योत लागते, अगरबत्ती, कापूर, प्रार्थना. मग मार्गदर्शक बोलतो आणि मग एकेक जण उठून आपल्या घरातलं सांगतो. कोणाची बायको माहेरी गेलेली, कोणाच्या भावाने बांधावरून कोर्टात खेचलेलं, कोणाच्या हातून चुकून एक घोट गेलेला. हे सगळं दुसऱ्याच्या घरात बसून, दुसऱ्याच्या बायकोने सारवलेल्या जमिनीवर. आमच्याकडे बैठकीची पाळी यायला लागली तेव्हा माणसं मावेनात. आबाजींनी एका उन्हाळ्यात ओसरी आणि माजघर यांच्यामधली अर्धी भिंत काढली. मातीची भिंत, दोन दिवसांत पडली. दाराची चौकट मात्र तशीच राहू दिली, कारण ती सागाची होती आणि तिच्या पल्ल्याआड घडवंची होती. भिंत अर्धी, दार पूर्ण, असं विचित्र घर झालं. पाहुण्यांना हसू यायचं.

पुष्कळ वर्षांनी मी दुरा-युरोपसबद्दल वाचलं. सीरियात फरात नदीच्या काठावरचं हे जुनं गाव, तिथे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं. तिसऱ्या शतकातलं एक साधं राहतं घर मिळालं, जे तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी प्रार्थनेसाठी बदलून घेतलं होतं. जगातल्या सर्वांत जुन्या माहीत असलेल्या चर्चांमध्ये त्याची गणना होते. त्यांनी नवं काही बांधलं नव्हतं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली, आणि दुसऱ्या बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी पाण्याचं कुंड बसवलं. भिंत पाडली आणि पाण्याची जागा केली, एवढंच. आबाजी चौथीसुद्धा शिकलेले नव्हते, पण कन्हानच्या काठावर त्यांनीही पहिलं काम तेच केलं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला नाला, नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती. तिथली एक म्हातारी आजीची सोबतीण होती. दोघी मिळून रोवणीला जायच्या, एका ओळीत वाकून पऱ्हे लावायच्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशीची एक गोष्ट मी तिच्याच तोंडून पंचवीस वेळा ऐकली असेल. 14 ऑक्टोबर 1956, दसऱ्याचा दिवस, बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेचा. ती तेव्हा नवी नवरी. सासू-सासरे, दीर, नवरा आणि ती असे दोन दिवस आधी मौद्याहून पायी निघाले. याच रस्त्याने. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून सासूने जुनं धोतर फाडून दोघींना दोन केली. नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर लाखो माणसं होती. बाबासाहेब तिला दुरून, पांढऱ्या कापडाचा एक ठिपका तेवढे दिसले. आवाज मात्र ऐकू आला. "पन मले त्या दिवसाचं खरं काय याद हाये सांगू?" ती म्हणायची. "तेथं जागोजाग पान्याचे पिंप होते. आमची सासू पिंपापाशी जाऊन उभी राह्यली, ओंजळ धरून. कोनीतरी वतन म्हनून. बराच येळ उभी राह्यली. मंग एक पोरगं म्हने, माय, घे ना, गिलास तठीच हाये."

सासूने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ उचलली होती. ती ओंजळ मौद्याच्या एका म्हातारीपर्यंत पोचायला एकोणतीस वर्षं लागली.

त्याच मैदानावरची दीक्षाभूमी आज आपण बघतो ती वेगळी. स्तूपाचं काम 1978 मध्ये सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. स्थापत्यकार शिवदानमल यांनी तो आतून पोकळ ठेवला. सांचीचा स्तूप भरीव, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. इथे माणसांनी आत यायचं. हा फरक मला फार मोठा वाटतो. पण मावशीचं म्हणणं वेगळं. 1956 ते 2001 अशी 45 वर्षं ती दर दसऱ्याला गेली, तेव्हा तिथे मैदान होतं, पुढे बोधिवृक्ष होता, आणि माणसं होती. स्तूप झाल्यावर नातवाने तिला आत नेलं. थंडगार संगमरवर. तिने वर बघितलं, वंदन केलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "सुंदर हाये. पन घर तं अगुदरच झालं होतं."

घर आधी, इमारत मागून. हा क्रम मला आमच्याकडच्या सगळ्याच गोष्टींत दिसतो. आईच्या माहेरी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची. तुकडोजी महाराज 1968 मध्येच गेले, पण मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव गेलेली ती प्रार्थना सूर्य बुडायच्या सुमाराला सुरू व्हायची. समोर मूर्ती नाही. एक पांढरी गादी, लोड, हार, उदबत्ती. आसन रिकामं. लहानपणी मी मामाला विचारलं होतं, "इथं कोण बसतं?" मामा म्हणाला, "कोनी नाई बसत, म्हनून तं सारे समोर बसू शकतात." प्रार्थना कधी शाळेच्या वऱ्हांड्यात, कधी मारुतीच्या पारावर, कधी पाटलाच्या वाड्यात. गादी डोक्यावर घेऊन जायची आणि अंथरायची. झाली जागा तयार.

आणि त्याआधीचे गाडगेबाबा. ते अमरावतीकडचे, झाडू हातात घेऊन गाव झाडणारे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी देवळं बांधली नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, कारण चोखोबाची माणसं वारीला आली की त्यांना पाणी आणि निवारा मिळण्याची मारामार होती. विठ्ठलाच्या देवळाचं दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये उघडलं. धर्मशाळेचं त्याच्या कितीतरी आधी. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले, बाबासाहेबांच्या पाठोपाठ चौदा दिवसांनी. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. पण तिच्या मोजपट्टीवर दोघंही एकाच जागी बसले असते.

आता मौद्याच्या आश्रमाकडे परत येते. मी तिथे आता वर्षातून एखाद्या वेळेस जाते. मी स्वतः सेवक म्हणवून घ्यावं इतकी नेमाची नाही. गाड्यांची रांग लागते, पोलीस वाहतूक वळवतात, मंचावर पुढारी येतात, त्यांचे सत्कार होतात. स्पीकर फार मोठे झालेत. घरातल्या बैठकीत जो माणूस "माझ्या हातून चूक झाली" असं म्हणायचा, तो इथे म्हणू शकत नाही. हजारो लोकांपुढे कोण म्हणेल? माणसं वाढली की कबुली कमी होते आणि घोषणा वाढतात, हे कुठल्याही पंथाचं होतं. म्हणून मला वाटतं, आश्रम हे घर नाही, आश्रम हा घराचा उत्सव आहे. घर ते, जिथे पंधरा-वीस माणसं अर्ध्या पाडलेल्या भिंतीला टेकून बसतात. आश्रमात येऊन त्या पंधरा-वीस जणांना एवढंच समजतं की आपण एकटेच नाही, अशा भिंती गावोगाव पडल्या आहेत.

पण मग आजी तिथे न विचारता पाण्याकडे गेली कशी? मी तिला परतीच्या वाटेवर विचारलं. ती हसली. "मांगं चुली हायेत, चुलीपाशी पानी राह्यते. सैपाक करनाऱ्या बाया जेथं बसल्या, तेथं जाव. देवापाशी नको जाऊ, तेथं पानी नाई भेटत." मी नंतर मुद्दाम बघितलं. मंडपामागे खरंच गावागावांच्या बाया कांदे चिरत बसलेल्या होत्या, काही पत्रावळ्या पुसत होत्या, एक जण पाय पसरून लेकराला पाजत होती. कुणी कुणाला गाव विचारत होतं, कुणी विचारत नव्हतं. समोरच्या मंडपात ध्वनिवर्धकावर मार्गदर्शन चालू होतं आणि इथे एकीने दुसरीला सांगितलं, "मीठ कमी हाये." इमारत घर होते ती बहुधा मागच्या बाजूने.

आता ते अर्धवट राहिलेलं वाक्य. जेथं वरून वततात...

मावशी आमच्या घरी रोज यायची. सपरीत बसायची. रोवणीचे पैसे, सुनेच्या कागाळ्या, बाजारातले भाव, सगळं बोलणं तिथेच. तहान लागली की म्हणायची, "पानी दे वं." आजी आतून तांब्या आणायची आणि मावशी ओंजळ धरायची. दोघी एका ओळीत पऱ्हे लावणाऱ्या, एका फडक्यातली भाकर खाणाऱ्या. शेतात हे काही नसायचं. घरी आलं की ओंजळ. आजीने हे कधी ठरवलं नव्हतं. तिच्या सासूने तसं केलं होतं, सासूच्या सासूने तसं. काजळीसारखंच ते. देव नदीत गेले, दारू गेली, शनिवार गेले, अर्धी भिंत गेली, आणि तांब्या मात्र वरून ओतला जात राहिला. परमात्मा एक म्हणणाऱ्या घरात.

मावशीचा मोठा मुलगा पुढे प्यायला लागला. तिने विहारात सांगून बघितलं, भावकीत सांगून बघितलं. मग एका बैठकीच्या रात्री ती आमच्याकडे आली. मार्ग घ्यायला नाही. ती अखेरपर्यंत बौद्धच राहिली. फक्त विचारायला आली, की तुमच्या बुढ्याची कशी सुटली ते माझ्या पोराला सांगा. ओसरी भरलेली होती. आबाजी आपली गोष्ट सांगत होते, गाय, तोडे, गुंड. मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उन्हाळ्याची रात्र, माणसांची गर्दी, ज्योतीची धग. तिला तहान लागली.

पुढची गोष्ट दोघींनी मला वेगवेगळी सांगितली.

आजीचं सांगणं असं: मावशीने नेहमीसारखं "पानी दे वं" म्हटलं. सगळे ऐकत होते. आजी तांब्या घ्यायला उठली आणि एकाएकी तिला स्वतःचीच लाज वाटली. ती तशीच खाली बसली आणि म्हणाली, "आता काय इचारते? घडवंची तठीच हाये. घे."

मावशीचं सांगणं असं: तुझी आजी काही बोलली नाही. बोलणाऱ्यांतली नव्हती ती. मीच विचारलं नाही. बुढा सांगत होता, लोक रडत होते, अशात पाणी काय मागायचं? मी आत गेले, घेतलं आणि प्यायले. वळून बघितलं तर तुझी आजी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही माठ फोडते. तिने फक्त पदराने तोंड पुसलं.

कोणाचं खरं, हे मी दोघींना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आता दोघीही नाहीत. घराला स्लॅब पडला, देवळी बुजली, पाण्याचं फिल्टर भिंतीवर टांगलंय. त्या रात्री काय बोललं गेलं आणि काय नाही, ते सांगायला कोणी उरलेलं नाही.

पण मावशी गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला भेटायला गेले होते. ती डोळ्यांनी पार अधू झाली होती. मी गोष्ट पुन्हा काढली आणि सहज विचारलं, "मावशी, अंधारात तुले माठ कसा सापडला?"

ती पडल्या पडल्या हात उचलून दाखवायला लागली. "असं दार. असा पल्ला. पल्ल्याच्या मांगं, डाव्या हाताले. दोन माठ, एक गुंड. गुंडाले काठापाशी पोचा होता, ओठाले लागला मले. आन् खाली वाळूत सांबार उगोलं होतं, त्याच्यावर पाय पडू नये म्हनून मी अशी तिरपी उभी राह्यली."

सपरीतून काही दिसत नसे त्यातलं.